दुरून सांभाळलेले नेटवर्क : आमच्या जिनिंगमधील एका हंगामाचा अनुभव

पांढरकवडा परिसरातील आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, एक सर्व्हर, सात संगणक आणि वजनकाट्याची खोली मिळून जे नेटवर्क आहे, त्याची देखरेख नागपूरची एक संस्था वर्षाला १८,००० रुपयांच्या करारावर दुरूनच करते. कापसाचा एक पूर्ण हंगाम या सेवेवर काढला आणि ओळखीचे जिनिंगवाले व पतसंस्थांचे व्यवस्थापक तिच्याविषयी सतत विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

रोजच्या कामात ही सेवा उत्तम आहे. नागपूरहून माणूस यायचा म्हणजे पूर्वी अख्खा दिवस जात असे. आता अडकलेली छपाई मोकळी करणे, पासवर्ड बदलणे, रात्रीचा बॅकअप झाला की नाही ते पाहणे ही कामे चहा होईपर्यंत उरकतात. सुरक्षिततेकडेही त्यांनी मनापासून लक्ष दिले. दुरून दुसऱ्या यंत्रावर काम करण्याची टेलनेट ही जुनी पद्धत कामात कुठेही नाही, कारण त्यात पासवर्ड उघडा जातो. सर्व्हरवर ते एसएसएच या सांकेतिक केलेल्या सुरक्षित जोडणीनेच येतात. विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यामुळेच हेलसिंकीच्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच तयार केले होते. आमच्या जोडणीला इंटरनेटवर स्वतंत्र सार्वजनिक पत्ता (आयपी) नाही, राउटरला मिळणारा पत्ता अनेक ग्राहकांसाठी राखलेल्या १००.६४ ते १००.१२७ या सामायिक पट्ट्यातला असतो, त्यामुळे बाहेरून थेट आत येता येत नाही. यावर त्यांनी राउटरलाच आतून नागपूरपर्यंत व्हीपीएनचा बोगदा, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खासगी वाट, उघडायला लावले आहे, आणि तो एरवी चांगला चालला.

मात्र तो बोगदाच तुटला तर काय होते, ते नोव्हेंबरमध्ये कळले. रात्री साडेदहाच्या सुमारास त्यांचा तंत्रज्ञ राउटरच्या फायरवॉलचे, म्हणजे कोणती जोडणी जाऊ द्यायची हे ठरवणारे, नियम बदलत होता. एका नियमाचा क्रम चुकला आणि त्याचा स्वतःचाच रस्ता बंद झाला. त्याच नियमामुळे काट्याची खोलीही सर्व्हरपासून तुटली. सकाळी सहाला फाटकाबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि काटापावत्या हाताने फाडाव्या लागत होत्या. काट्यावरचा मुलगा शिडीवर चढला, राउटरवर साचलेली रुई पुसली आणि फोनवरून सांगू लागला, "सर, पहिला दिवा हिरवा हाये, तिसरा लुकलुकते." शेवटी कार्यालयातला लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतला, वायरने राउटरला जोडला आणि त्या लॅपटॉपमधून तंत्रज्ञाने नियम दुरुस्त केला. तोवर साडेनऊ वाजले होते. आमच्या मायक्रोटिक राउटरमध्ये सेफ मोड आहे. तो सुरू ठेवून काम केले असते, तर संपर्क तुटल्यावर बदल आपोआप मागे घेतले गेले असते. एवढ्या अनुभवी माणसांनी तो वापरला नाही, याचे मला अजूनही वाईट वाटते.

चूक नसतानाही मर्यादा उरतेच. नागपूरच्या पडद्यावर फक्त 'उत्तर नाही' एवढेच दिसते. विजेची लाइन गेली, जेसीबीने फायबर तोडली की विजेच्या कडकडाटात नेटवर्कचा स्विच जळला, हे तिथून ओळखता येत नाही. एकदा लाइन परत आली, पण सर्व्हर बंदच राहिला, कारण वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय त्याच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, चालू केलेली नव्हती. ती चालू करायलाही कीबोर्डसमोर माणूसच बसवावा लागला. बंद यंत्र नेटवर्कवरून जागे करता येते हे खरे, पण त्यासाठी यंत्रापर्यंत वीज पोचलेली असावी लागते आणि निरोप पोचवणारे दुसरे उपकरण त्याच नेटवर्कवर जागे असावे लागते.

करार मी पुढे चालू ठेवला आहे, पण अटी घालून. हंगामात राउटरला हात लावताना आमचा माणूस जागेवर हवा आणि सेफ मोड चालू हवा. सिमवर चालणारी दुसरी जोडणी त्यांनी बसवून द्यावी. आणि काट्यावरच्या मुलाला एक दिवस नागपूरला बोलावून वायरी व दिवे नीट शिकवावेत. पहिल्या दोन अटी त्यांनी लेखी मान्य केल्या आहेत. मुलाच्या प्रशिक्षणाची तारीख अजून ठरलेली नाही, आणि ती दसऱ्याच्या आत ठरावी असा माझा आग्रह आहे.