लॅपटॉप थंड झाला, दुरुस्त मात्र झालाच नव्हता

मी नागपुरात लहान व्यापाऱ्यांचे हिशेब ठेवण्याचे आणि जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम घरून करते. गेल्या मे महिन्यात, पारा 45 अंशांच्या आसपास असताना, माझा चार वर्षे जुना लॅपटॉप इतका तापू लागला की मांडीवर ठेवला तर चटका बसे, पंखा मिक्सरसारखा घोंघावे आणि मोठी एक्सेल फाइल उघडली की यंत्र अचानक बंद पडे. महिन्याच्या 20 तारखेपर्यंत विवरणपत्रे भरायची होती, वॉरंटी संपलेली होती, आणि अशा घाईत माणूस जे करतो तेच मी केले. बाजारातल्या पहिल्या दिसलेल्या दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप नेऊन दिला.

दुकानदाराने तो पाच मिनिटे चालवून पाहिला आणि ग्राफिक चिप खराब झाल्याचे सांगितले. ती काढून तिच्याखालचे झाळकामाचे बारीक मणी नव्याने बसवावे लागतील, म्हणजे रीबॉलिंग करावे लागेल, त्याचे 6,500 रुपये होतील आणि हे काम तीन दिवस बाहेरच्या लॅबमध्ये चालेल, असे त्याचे म्हणणे होते. रीबॉलिंग ही खरीच प्रक्रिया आहे, त्यामुळे मला शंका आली नाही. तिच्यात तीच चिप पुन्हा बसवतात, म्हणून बदललेला जुना भाग ग्राहकाला दाखवण्याची वेळ दुकानदारावर येत नाही, ही सोय माझ्या फार उशिरा लक्षात आली.

तिसऱ्या दिवशी त्याने लॅपटॉप सुरू करून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "मॅडम, हात लावून बघा." मी हात लावला. खालची बाजू खरोखरच कोमट होती आणि पंख्याचा आवाज जवळजवळ येत नव्हता. मी पैसे दिले. पावतीवर फक्त "चिप वर्क" एवढेच लिहिलेले होते, तेही मी वाचून घडी घालून ठेवून दिले.

घरी आल्यावर यंत्र तापत नव्हते, पण चालतही नव्हते. पूर्वी जी फाइल क्षणात उघडे, तिच्यासाठी आता चहा टाकून यावा इतका वेळ लागू लागला. आठवडाभर मी इंटरनेटला दोष दिला. मग पॉलिटेक्निकमध्ये शिकणारा माझा भाचा सुट्टीत आला. त्याने टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचा वेग दाखवला. मूळ वेग 2.4 गिगाहर्ट्झ असलेला प्रोसेसर भरपूर काम असतानाही 1.2 च्या वर जायला तयार नव्हता. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये "मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट" नावाची एक ओळ असते. ती कुणीतरी 100 टक्क्यांवरून 50 वर आणून ठेवली होती. बैलाला अर्धे जोत लावले की तो दमत नाही, तसाच हा प्रकार होता, आणि या दोन मिनिटांच्या कामाचे मी साडेसहा हजार मोजले होते. शिवाय माझ्या लॅपटॉपमध्ये वेगळी ग्राफिक चिप मुळातच नाही. ग्राफिक्सचा भाग प्रोसेसरमध्येच आहे.

त्याने तो आकडा पुन्हा 100 वर नेला, तापमान दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर सुरू केले आणि तीच फाइल उघडली. आकडा पाहता पाहता 97 अंशांवर गेला. यानंतर आम्ही तळ उघडला, आणि उघडण्याआधी प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले, हे त्याचे शहाणपण. तळाच्या लांब रबरी पट्टीखाली दोन स्क्रू दडलेले असतात. त्या पट्टीचा कारखान्यातला गोंद जसाच्या तसा होता. "मावशी, हा तर कुणी उघडलेलाच नाही," तो म्हणाला.

दोष आत समोरच होता. लॅपटॉपचा पंखा तळाच्या जाळीतून हवा ओढतो आणि बाजूच्या बारीक तांब्याच्या पात्यांमधून बाहेर फेकतो. पंखा आणि पाती यांच्या मधोमध धुळीचा, केसांचा आणि सुताचा असा थर बसला होता की चिमट्याने तो गादीतल्या जुन्या कापसासारखा अखंड निघाला. बाहेरून फुंकर मारून हा थर निघत नाही, कारण तो पात्यांच्या आतल्या बाजूला असतो. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्टही वाळून खडूसारखी झाली होती. बॅटरीची जोडणी काढून, पंखा बोटाने धरून ठेवून ब्रशने धूळ झाडणे, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे आणि नवी अगदी थोडी लावणे, एवढ्यावर तेच काम 78 अंशांत होऊ लागले. खर्च सव्वातीनशे रुपये. चूक माझीही होती. वर्षानुवर्षे मी लॅपटॉप गादीवर ठेवून काम करत होते आणि तळाची जाळी चादरीने बुजत होती. आता तो टेबलावर असतो, मागून थोडा उचललेला, आणि वाळ्याच्या कूलरच्या झोतापासून दूर, कारण त्या हवेत ओलावा असतो.

दुरुस्तीनंतर लॅपटॉप हाताला थंड लागतो का, एवढेच पाहून पैसे देऊ नका. दुकानातच आपले नेहमीचे जड काम पंधरा मिनिटे चालवा आणि वेग व तापमान हे दोन्ही आकडे एकाच वेळी पाहा. लॅपटॉप दुकानात देण्याआधी रॅम आणि डिस्क किती आहे याचा फोटो घ्या. नेमका कोणता दोष सापडला आणि काय केले ते पावतीवर लिहून मागा. काम बाहेर पाठवणार असतील तर उघडलेल्या यंत्राचे फोटो मागा.

दुकानदाराला मी फोटो दाखवले तेव्हा त्याने ती सेटिंग "चिपच्या सुरक्षेसाठी" केल्याचे सांगितले आणि पैसे परत द्यायला नकार दिला. मग मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचे आहे. एवढ्या लहान रकमेच्या दाव्याला तिथे शुल्क नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. "चिप वर्क"ची पावती आणि धुळीचा तो थर मी एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला आहे.