ट्रॅकची जाहिरात आणि चोर्ल्याचा उतार

रेस ट्रॅकचं नाव घेऊन विकल्या जाणाऱ्या ज्या गाड्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली मंडळी खरोखर घेतात किंवा सेकंडहँडमध्ये शोधतात, त्या चारच: ह्युंदाई आय-20 एन लाइन, टाटा अल्ट्रोझ रेसर, फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आणि ह्युंदाई क्रेटा एन लाइन. निकाल आधीच सांगतो. घाटात आणि हायवेवर चारही गाड्या त्यांच्या साध्या भावंडांपेक्षा चांगल्या आहेत, काही तर बऱ्याच चांगल्या. पण शोरूममधून काढून थेट ट्रॅकवर नेण्याच्या लायकीची त्यातली एकही नाही. आणि जी गोष्ट कमी पडते ती इंजिन नाही. कमी पडतात ब्रेक, टायर आणि काही ठिकाणी गिअरबॉक्स.

आधी नावांचा घोळ. ह्युंदाईची युरोपात विकली गेलेली आय-20 एन ही 1.6 लिटर टर्बो, 204 पीएसची गाडी (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप, जवळपास हॉर्सपॉवरच). आपल्याकडे सप्टेंबर 2021 मध्ये आली ती आय-20 एन लाइन, 1.0 लिटर टर्बो, 120 पीएस. पहिलीचा इंजिनापासून ब्रेकपर्यंत सगळा सरंजाम वेगळा. दुसरी म्हणजे साध्या आय-20 ची सुधारलेली आवृत्ती. यूट्यूबवर पहिलीचे ट्रॅकवरचे व्हिडिओ पाहून दुसरी बुक करणारे कमी नाहीत, म्हणून हे ठळक सांगावं लागतं.

तरीही एन लाइनवर नुसत्या स्टिकरची गाडी असा शिक्का मारणं अन्यायाचं ठरेल. शॉकअप साध्या आय-20 पेक्षा कडक आहेत, स्टिअरिंग जड केलंय, एक्झॉस्टचा आवाज भरदार आहे आणि मागच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क आहेत. 2023 च्या फेसलिफ्टपासून क्लच पेडल नसलेला आयएमटी जाऊन खरा सहा गिअरचा मॅन्युअल आला. जांबोटी सोडून कणकुंबीकडे जाताना रस्ता वर-खाली होत वळतो, तिथे साधी आय-20 एका बाजूला कलून मग स्थिरावते. एन लाइन पहिल्या झटक्यातच बसते. 195/55 आर16 टायर या वजनाला पुरेसा आहे. त्याची किंमत मात्र मोजावी लागते: पावसाळ्यानंतर त्याच रस्त्यावर खड्डे पडले की कडक शॉकअप मागच्या सीटवरच्या माणसाला प्रत्येक खड्डा मोजायला लावतात. घरात वयस्कर माणसं असतील तर टेस्ट ड्राइव्ह मागच्या सीटवर बसून घ्या, आणि टिळकवाडीच्या गुळगुळीत रस्त्यावर नको, पिरनवाडीच्या पुढे.

अल्ट्रोझ रेसरची गोष्ट उलटी. जून 2024 मध्ये आलेल्या या गाडीत टाटाने इंजिनाचं काम मनापासून केलंय. आधीच्या टर्बो अल्ट्रोझला, म्हणजे आयटर्बोला, 110 पीएस, 140 एनएम (इंजिनाची ओढ, म्हणजे टॉर्क) आणि पाच गिअर होते. रेसरला नेक्सॉनचं इंजिन, 120 पीएस, 170 एनएम आणि सहा गिअर. फरक नुसता कागदावरचा नाही. वंटमुरी घाटात तिसऱ्या गिअरमध्ये लॉरीच्या मागून बाहेर पडताना तो पायाला कळतो. पण चाकं-ब्रेकांपाशी येऊन हात आखडला: टायर तेच 185/60 आर16 आणि मागे ड्रमच. नारायण कार्तिकेयनने कोइम्बतूरच्या 3.8 किलोमीटरच्या ट्रॅकवर ही गाडी पळवून सर्वात वेगवान भारतीय हॅचबॅकचा मान मिळवून दिला, तो खराच. मात्र फॉर्म्युला वन चालवलेल्या माणसाने काढलेला एका लॅपचा, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीचा, वेळ गाडीच्या सर्वोत्तम क्षणाचा असतो. पाचव्या लॅपला पेडल किती खाली जातं, हे त्या आकड्यातून कळत नाही. घेणाऱ्याला नेमकं तेच कळायला हवं.

आता मुद्द्याचं, म्हणजे उष्णतेचं. दोन माणसांसह 1,200 किलोची गाडी ताशी 120 वरून 60 वर आणायची तर ब्रेकना सुमारे 500 किलोज्यूल ऊर्जा गिळावी लागते. एवढ्या उष्णतेत दीड लिटर थंड पाणी उकळेल. ट्रॅकवर अशी ब्रेकिंगची जागा एका लॅपमध्ये तीन-चार वेळा येते आणि मध्ये गार व्हायला काही सेकंदच मिळतात. रोजच्या वापराचे पॅड, म्हणजे डिस्कला घासून चाक थांबवणारे तुकडे, थंड असतानाही चावावेत, आवाज करू नयेत आणि डिस्क खाऊ नयेत अशा बेताने बनवलेले असतात. ते ठरावीक तापमानाच्या वर गेले की घर्षण सोडतात. मग पेडल कडक राहतं, पण गाडी थांबत नाही. दुसरा प्रकार जास्त घातक. ब्रेक ऑइल उकळतं, लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं थेट खाली जातं. दोन्हीतला फरक पायाने ओळखता आला पाहिजे, कारण उपाय वेगळे आहेत: पहिल्यात पॅड बदलायचे, दुसऱ्यात ऑइल.

ऑइलची बाब आपल्या भागात अधिक महत्त्वाची. डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा. डॉट 3 चा नव्या डब्यातला उत्कलनबिंदू किमान 205 अंश, पाणी शोषल्यावर 140. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. डॉट 5.1 चे 260 आणि 180. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषत राहतं, आणि कणकुंबी-आमगावचा पावसाळा काय असतो ते खानापूर तालुक्याला सांगायला नको. दोन वर्षं ऑइल न बदललेली गाडी बोनेटवर रेसिंगचे पट्टे घेऊन ट्रॅकवर गेली, तरी तिची ताकद त्या 155 अंशाशी बांधलेली असते. बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटाच्या उताराचंही तसंच. गोव्यातल्या साखळी गावाकडे उतरताना चौथ्या गिअरमध्ये सतत ब्रेकवर पाय ठेवून येणाऱ्या गाडीचा पॅड जळाल्याचा वास पहिल्या काही वळणांतच येतो. दुसरा-तिसरा गिअर टाकून इंजिनावर उतरवा, ब्रेक थोडा वेळ पण जोरात दाबा आणि सोडा, म्हणजे मधल्या वेळात डिस्क श्वास घेते.

व्हर्टस जीटी या चौघांत सगळ्यात वेगवान वाटणारी. 1.5 लिटर टर्बो, 150 पीएस, 250 एनएम. बेळगावची उंची समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, हवा सात-आठ टक्के विरळ. साध्या बिनटर्बो इंजिनाची ताकद इथे तेवढी घटते. टर्बो जास्त फिरून ती तूट भरून काढतो. त्यामुळे हायवे 48 वर ही सेडान भाड्याने आणल्यासारखी नव्हे, आपल्या मातीतली असल्यासारखी ओढते. बैठक खाली, वळणात विश्वास देणारी, आणि तवंदी घाटात वेगाने जाताना सर्वात शांत. पण पुढचे लाल रंगवलेले कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारे भाग, पाहून भुलू नका. रंगाखाली कॅलिपर तोच, आणि मागे ड्रम. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या जीटी प्लस स्पोर्टमध्ये काळा रंग, लाल बॅज, स्पॉयलर मिळाला. इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक यात बदल नाही. दिसायला आवडली तर जरूर घ्या. ती जास्त पळेल म्हणून जादा पैसे देऊ नका.

व्हर्टसच्या सात गिअरच्या डीएसजीबद्दल आणि एन लाइनच्या डीसीटीबद्दल एक सूचना. दोन्ही दोन क्लचचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि दोन्हींचा क्लच कोरडा, म्हणजे तेलात बुडालेला नाही. चालत्या हायवेला उत्तम, पण चढावर रांगताना तापतो. आंबोलीत लॉऱ्यांची रांग लागली की अनेक जण ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी चढावर धरून ठेवतात. त्या वेळी क्लच प्लेट अर्धवट घसरत असते. ब्रेक दाबून थांबा, पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एका दमात सरका. घाटवेड्या माणसाने मॅन्युअलच घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत.

क्रेटा एन लाइनला थोडक्यात आटोपतो. मार्च 2024 ची, 160 पीएस, 253 एनएम, चारी चाकांना डिस्क, 18 इंची चाकं. सरळ रस्त्याला झपाट्याने पळते, ती आली तेव्हा टर्बोसोबत मॅन्युअल हवा तर क्रेटात हाच एक पर्याय होता, आणि तेच तिचं खरं मोल. पण उंच गाडी ट्रॅकसाठी नसते. वजन बाहेरच्या पुढच्या टायरवर कोसळतं आणि तो टायर कडेने झिजतो. गोव्याला सहकुटुंब जाणाऱ्याला उत्तम.

आता पैशाचा हिशेब, जो शोरूमवाले शेवटी सांगतात. कर्नाटकात 5 ते 10 लाखांच्या गाडीला आजीवन कर 14 टक्के, 10 ते 20 लाखांना 17 टक्के, वर अधिभार वेगळा. समजा साधं मॉडेल 9.90 लाखांचं आणि त्याचं स्पोर्ट ट्रिम, म्हणजे स्पोर्ट आवृत्ती, 10.20 लाखांचं. किमतीतला फरक 30 हजार, पण कर 1,38,600 वरून 1,73,400 वर जातो. म्हणजे हातात 64,800 रुपयांचा फरक, अधिभार आणि विमा धरण्याआधीच. कोल्हापुरात याच 10.20 लाखांच्या गाडीला महाराष्ट्राचा 12 टक्के दर लागतो, म्हणून एमएच-09 पासिंगचा मोह होतो. पण गाडी बारा महिन्यांच्या वर कर्नाटकात राहिली तर इथला कर भरावाच लागतो, आणि निपाणी-बेळगाव पट्ट्यात परराज्याच्या नंबरची तपासणी होते. पत्ता खरोखर तिकडचा असेल तरच त्या वाटेला जा.

ज्यांना खरंच ट्रॅकवर जायचंय त्यांनी अंतर लक्षात घ्यावं. दक्षिणेतले मोठे ट्रॅक कोइम्बतूर आणि चेन्नईला. कोइम्बतूर इथून आठशे किलोमीटरच्या पुढे, आणि ज्या टायर-ब्रेकवर ट्रॅक मारायचा त्यांच्यावरच घरी परतायचं. त्यामुळे ट्रिमवर लाख घालवण्यापेक्षा पुढील कामं करा. निघण्याआधी आठवड्याभरात ब्रेक ऑइल पूर्ण बदला. एक लिटर सीलबंद डॉट 4 किंवा 5.1 पुरतं. डॉट 5 घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं आणि एबीएसला चालत नाही. ब्लीडिंगचा, म्हणजे चाकापाशी ऑइल काढून लाइनमधली हवा घालवण्याचा, क्रम गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे. साधारण नियम मास्टर सिलिंडरपासून (पेडलच्या दाबाने ऑइल ढकलणारा भाग) सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात. पुढचे पॅड जास्त तापमानाचे घाला आणि ते बसवून घ्या: मोकळ्या रस्त्यावर ताशी 80 वरून 20 पर्यंत आठ-दहा वेळा जोरात ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला हात न लावता चालवून गार करा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलात तर तिथे पॅडचा थर चिकटतो आणि नंतर स्टिअरिंग थरथरतं. लोक त्याला डिस्क वाकली म्हणतात आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टर्निंगला, म्हणजे डिस्क सपाट करून घ्यायला, नेतात. बऱ्याचदा डिस्क सरळच असते, थर असमान असतो.

टायरमध्ये थंड असताना 33 पीएसआय भरलेली हवा चार-पाच जोरदार लॅपनंतर 38-39 दाखवते. मधला भाग फुगतो, पकड जाते. ट्रॅकच्या पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबतात तिथे, आल्यावर गरम असतानाच 35-36 ला आणा, आणि परतीला निघताना पुन्हा नीट भरा. तीन-चार लॅप जोरात, मग एक लॅप ब्रेक न तापवता. उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा. टर्बो आहे, इंजिन दोन मिनिटं आयडलला चालू द्या.

आणि कागद वाचा. मोटार विम्यात संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, कंपनीच्या वॉरंटीतही शर्यतीचा वापर बसत नाही. जाहिरातीत ट्रॅक, वॉरंटीत ट्रॅकला मनाई. ग्राहकाने या विसंगतीबद्दल डीलरला लेखी विचारायला हवं. विचारणारे वाढले तरच जाहिरातीची भाषा बदलेल.

नवी घ्यायची तर आमची पसंती आय-20 एन लाइन मॅन्युअल, कारण चौघांत तिचेच ब्रेक, शॉकअप आणि वजन एकमेकांना शोभतात. सेडान हवी तर साधी व्हर्टस जीटी, स्पोर्टच्या कपड्यांशिवाय. रेसर आवडत असेल आणि मिळत असेल तर घ्या, पण टायर आणि पुढच्या पॅडचा खर्च आधीच धरा.

सेकंडहँड बघताना बोनेट उघडण्याआधी पुढच्या चाकाच्या जाळीतून डिस्ककडे टॉर्च मारा. कडेला बोटाला लागेल एवढा काठ, पृष्ठभागावर निळसर डाग किंवा केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर ब्रेक बेदम तापवले गेलेत. मग पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेवरून तळवा फिरवा. नक्षी एका दिशेने करवतीसारखी टोचली तर विकणारा घाटात कसा चालवत होता ते कळलं. शेवटी इंजिन चालू करून पेडल अर्धा मिनिट एकाच दाबाने धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर किंवा गळतीचा संशय आहे. तिथेच थांबा, किंमत बोलण्याआधी गाडी मेकॅनिकच्या पिटवर घ्या.