कॅमेऱ्याने हार्ट रेट मोजणारं ॲप, सहा महिने वापरून: आकडा उजेडावर ठरतो

लॅपटॉपसमोर अर्धा मिनिट गप्प बसायचं की हार्ट रेट येतो, असलं एक ॲप सहा महिने वापरतोय. बोटाला ऑक्सिमीटर लावून दोन्ही आकडे वहीत लिहीत गेलो म्हणून तग धरला, नाहीतर पहिल्याच आठवड्यात उडवलं असतं.

प्रकार असा आहे की दर ठोक्याला चेहऱ्याच्या कातडीतलं रक्त किंचित कमीजास्त होतं, रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा उजेड चांगला शोषतं, त्यामुळे कॅमेऱ्याच्या हिरव्या चॅनलमध्ये (म्हणजे चित्रातल्या हिरव्या रंगाच्या आकड्यांत) बारीकसा चढउतार उमटतो जो आपल्या डोळ्याला दिसत नाही. २००८ मध्येच संशोधकांनी खोलीतल्या साध्या उजेडात आणि साध्या कॅमेऱ्याने हे जमतं असं दाखवलं होतं. पण चढउतार इतका बारीक की उजेड जरा हलला की तो बुडालाच.

मला वाटायचं, अंधार असला की चुकत असेल. तसं होतंच म्हणा, अंधारात कॅमेरा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला घ्यायची चित्रं, कमी करतो आणि चित्रात दाणे येतात. पण खरी गंमत एका रात्री झाली. दिवे बंद, समोर व्हिडिओ चालू, ऑक्सिमीटर ६८ आणि ॲप ठामपणे १०४! स्क्रीनचा उजेड सीन बदलेल तसा तोंडावर नाचत होता आणि ॲप बिचारं त्यालाच नाडी समजत होतं. व्हिडिओ थांबवून दिवा लावला तर लगेच ७०.

उलटं पण बघितलं. भर उन्हात खिडकीशी बसलो तर गाल नुसता पांढरा, पिक्सेल २५५ ला, म्हणजे उजळपणाच्या सर्वात वरच्या आकड्याला, टेकले की त्यात चढउतार उरणार कुठून? खिडकी पाठीमागे असेल तर चेहरा काळा पडतो, ते तर त्याहून वाईट. कातडी जितकी सावळी तितका सिग्नल आधीच कमजोर, कारण मेलॅनिनही उजेड खातं, सो माझ्यासारख्याला उजेडाचे लाड जरा जास्तच करावे लागतात.

आता टेबलावरचा दिवा समोरच्या भिंतीकडे वळवतो, भिंतीवरून परतलेला मऊ उजेड दोन्ही गालांवर सारखा पडतो, आणि एक्स्पोजर (चित्र किती उजळ घ्यायचं) नि व्हाइट बॅलन्स (रंग कसे जुळवायचे) दोन्ही ऑटोवरून काढून ठेवलेत, म्हणजे कॅमेरा मध्येच स्वतःहून ते बदलत नाही. असं बसलं की बहुतेक वेळा ऑक्सिमीटरच्या दोन-तीन ठोक्यांच्या आत येतं. मध्येच कुणी खोलीतला दुसरा दिवा लावला तर ते रीडिंग वहीत लिहीतच नाही, परत पहिल्यापासून बसतो.