दहा व्होल्टचा स्टॅबिलायझर: हिवाळ्यात पास, नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) नापास

जुन्या मोटरहोमच्या डॅशबोर्डात बायमेटल गेज (दुहेरी धातूची पट्टी तापून काटा हलवणारे) असतील, तर त्यांच्यामागे दहा व्होल्टचा स्टॅबिलायझर, म्हणजे त्यांना कायम दहाच व्होल्ट देणारी डबी, बहुधा असतोच. त्याचे पॉइंट खराब झाले की डिझेल आणि टेंपरेचर, दोन्ही काटे एकदमच खोटं बोलायला लागतात. (एकच काटा चुकत असेल तर स्टॅबिलायझरला हात लावू नका, आधी सेंडर (टाकीतला किंवा इंजिनावरचा सेन्सर) आणि त्याची वायर बघा.) जुनी डबी काढून ऑनलाइन मागवलेलं बिनब्रँडचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं. हिवाळाभर तक्रार शून्य, तेव्हा विचारलं असतं तर पाच तारे दिले असते.

नवतप्यात बोंब झाली. भर दुपारी दोन्ही काटे शून्यावर, संध्याकाळी आपोआप जागेवर. विक्रेत्याचं ठरलेलं उत्तर: 'वायरिंग चेक करा.' केली. इनपुटला १३.८ व्होल्ट व्यवस्थित, आउटपुटला कधी १०, कधी जवळपास काहीच नाही. उघडून बघतो तर आत साधी ७८१० आयसी (दहा व्होल्टची रेग्युलेटर चिप), आणि हीट सिंकचा, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीचा, पत्ताच नाही!

हिशोब करा. दोन गेज मिळून पाव अँपिअर धरा. १४ चे १० करताना चार व्होल्ट आयसीच्याच बोकांडी, म्हणजे एक वॉट. उघड्या आयसीचं तापमान एका वॉटला साधारण ६५ अंशांनी चढतं. मे महिन्यात काचेखालच्या डॅशबोर्डात आधीच ७० अंश. बेरीज १३५, आणि आयसीची मर्यादा १२५. त्यावर अजून थोडी तापली की ती स्वतःच बंद पडते. कशासाठी? दोन इंच अॅल्युमिनियमची पट्टी वाचवायला!

पट्टी स्वतः लावा. आयसीच्या भोकातून ३ मिमीचा स्क्रू, मध्ये थर्मल पेस्ट. ७८१० ची पाठ अर्थलाच जोडलेली असते, म्हणून मध्ये विजेला अडवणारी अभ्रकाची चकती लागत नाही. इनपुटला ०.३३, आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे का तेही बघून घ्या. नागपुरात बर्डीवर हे सगळं किरकोळीत मिळतं.

पट्टीनंतर दुपारचा त्रास गेला. हेडलाइट लावला की काटे हलायचे, ते मात्र तसंच राहिलं, आणि त्यात मॉड्यूलचा दोष नाही. मोटरहोमची बॉडी फायबर-प्लायवूडची, तिच्यातून अर्थ येणार कुठून? मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल क्लस्टरच्या (काट्यांच्या पॅनेलच्या) अर्थ बोल्टला, हेडलाइट-वायपर-ब्लोअर चालू. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं की अर्थ गेलेली समजा. २.५ चौरस मिमीची वेगळी वायर थेट चॅसिसवर न्या, रंग खरवडा, दातेरी वॉशर घाला, वरून पेट्रोलियम जेली.

एक खोट उरतेच. ७८१० ला आउटपुटपेक्षा सुमारे दोन व्होल्ट जास्त लागतात, त्यामुळे बॅटरी १२ च्या खाली गेली की डिझेलचा काटा उगाच कमी दाखवतो. नवीन घेणार असाल तर एल४९४०व्ही१० (कमी जादा व्होल्टवर चालणारी दहा व्होल्टची रेग्युलेटर चिप) वाला मागा, आउटपुटला २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे याची खात्री करून. माझ्या या ७८१० वाल्या मॉड्यूलला तीन तारे, तेही स्वस्त आहे म्हणून.