बाबांचं लायसन्स संपत आलंय: नुसतं नूतनीकरण, फेरचाचणी, की किल्ली ठेवून द्यायची?

सत्तरीच्या आसपासच्या वडिलांचं लायसन्स संपायला आलं की नागपुरातल्या बऱ्याच घरांत तेच बोलणं होतं. मुलगी म्हणते, "बाबा, आता पुरे." बाबा म्हणतात, "चाळीस वर्षं याच शहरात गाडी चालवून राहिलो, तू मला शिकवून राहिली का?" विषय तिथेच मिटतो. कागद एजंटकडे जातात आणि पाच वर्षांचं लायसन्स घरी येतं. बाबांना खरंच नीट दिसतं का, उजवं वळण नीट घेता येतं का, हे कोणीच बघत नाही.

निर्णय तुमच्यावर आला असेल तर समोर तीन रस्ते आहेत: नुसतं नूतनीकरण, स्वतःहून करून घेतलेली फेरचाचणी, आणि गाडी सोडणं. बहुतेक घरं पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जातात, तेही एखादा अपघात झाल्यावर. माझ्या मते सुरुवात मधल्या रस्त्यानेच व्हायला हवी.

नुसतं नूतनीकरण

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली बदल झाला. त्यानुसार वयाच्या ५५ नंतर खाजगी गाडीचं लायसन्स दर वेळी पाच वर्षांसाठी मिळतं. वरची वयोमर्यादा नाही. ऐंशीचा माणूसही नूतनीकरण करू शकतो. मुदत संपण्याआधी किंवा नंतर एक वर्षाच्या आत अर्ज केला तर गाडी चालवून दाखवावी लागत नाही. वर्ष उलटलं तरच पुन्हा चाचणी.

चाळिशीनंतर डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १ए लागतो. तो एकदा नीट वाचा. भर दिवसा २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येतं का, हातापायात काही दोष आहे का, एवढंच त्यात मुख्यतः विचारलेलं आहे. बाजूचं दिसतं का, मान किती वळते, ब्रेकवर पाय किती वेळात जातो, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, हे त्यात नावानिशी नाही. आणि ओळखीच्या डॉक्टरने न तपासताच सही केली, तर त्या फॉर्मला काहीच अर्थ उरत नाही.

हा रस्ता सोपा आहे आणि कोणाचं मन दुखावत नाही. पण लायसन्स आलं म्हणजे बाबा ठीक चालवतात, असं समजून निर्धास्त होऊ नका.

मग सरकारनेच सत्तरीला सक्तीची चाचणी का घेऊ नये?

बाहेर असे प्रयोग झाले आहेत. जपानमध्ये ७५ च्या पुढे नूतनीकरणाआधी स्मरणशक्ती आणि आकलनाची चाचणी द्यावी लागते, आणि २०२२ पासून ज्यांच्या नावावर काही ठरावीक वाहतूक गुन्हे आहेत त्यांना गाडीही चालवून दाखवावी लागते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्समध्ये ७५ पासून दर वर्षी वैद्यकीय तपासणी आहे. ८५ नंतर पूर्ण लायसन्स हवं असेल तर दर दोन वर्षांनी रस्त्यावरची परीक्षा. न्यूझीलंडमध्ये ७५ ला, ८० ला आणि पुढे दर दोन वर्षांनी डॉक्टरचा दाखला लागतो, रस्त्यावरची चाचणी मात्र डॉक्टरला शंका आली तरच.

फिनलंड आणि स्वीडनची तुलना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फिनलंडमध्ये सत्तरीनंतर वैद्यकीय तपासणी सक्तीची होती, स्वीडनमध्ये नव्हती. नव्वदच्या दशकात दोन्हींचे आकडे शेजारी ठेवले तेव्हा फिनलंडला त्या सक्तीचा अपघात कमी होण्याच्या दृष्टीने फायदा दिसला नाही. उलट तिथे पायी आणि सायकलवर मरण पावणाऱ्या वृद्धांचं प्रमाण जास्त निघालं. गाडी सुटलेला म्हातारा माणूस घरात बसत नाही, तो पायी रस्ता ओलांडतो. व्हेरायटी चौकात संध्याकाळी एकदा उभं राहून बघा, म्हणजे याचा अर्थ कळेल.

आपल्या देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे दोन-तृतीयांश १८ ते ४५ वयाची होती, आणि सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. वर्धा रोडवर रात्री बाइक पळवणारा पंचविशीतला मुलगा आणि चाळीसच्या वेगाने जाणारे काका, यांत आधी कोणाला आवरायचं हे या आकड्यांवरून स्पष्ट आहे. म्हणून नुसत्या वयावरून सगळ्यांना आरटीओच्या रांगेत उभं करणं मला पटत नाही. मैदानातली रिव्हर्सची आणि आठ आकड्याची परीक्षा चाळीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस सहज देईल. वयाने जे बिघडतं ते त्या परीक्षेत दिसणारच नाही.

स्वतःहून फेरचाचणी

याचे दोन भाग आहेत, आणि दोन्ही केले तरच उपयोग.

पहिला डोळ्यांचा. चष्म्याचा नंबर काढून थांबू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की गाडी चालवायची आहे, बाजूच्या नजरेची म्हणजे व्हिजुअल फील्डची तपासणी करा. मोतीबिंदू असेल तर समोरच्या गाडीच्या हेडलाइटने डोळे दिपतात. ते माणसाला स्वतःला जाणवतं, आणि ऑपरेशननंतर सुधारतंही. काचबिंदू जास्त घातक, कारण नजर कडेने कमी होत जाते आणि समोरचं स्पष्ट दिसत असल्याने बऱ्याच जणांना पत्ताच लागत नाही. असा माणूस नंबरप्लेट बिनचूक वाचेल आणि डावीकडून घुसणारी ई-रिक्षा त्याला दिसणार नाही. त्याच भेटीत चालू गोळ्यांची यादीही दाखवा. झोपेच्या, सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, आणि मधुमेहाच्या काही औषधांनी साखर अचानक उतरते.

दुसरा भाग रस्त्यावरचा. मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा शिक्षक तासभर सोबत घ्या. त्यांच्या गाडीला शिक्षकाच्या बाजूलाही ब्रेक असतो. मुलांनी शेजारी बसून टोकण्यापेक्षा हे बरं, कारण परक्या माणसाचं बोलणं वडील ऐकून घेतात. रविवारी सकाळी फुटाळ्याला चक्कर मारून काही कळणार नाही. दिवेलागणीला वर्धा रोडवर डबल डेकर पुलाच्या खालून जा. तिथे खांबांच्या आडून माणूस अचानक पुढ्यात येतो, वरून सावली, समोरून दिवे. मग सिग्नल नसलेल्या एखाद्या चौकात उजवं वळण घ्यायला सांगा. त्या एका वळणात समोरून येणाऱ्याचा वेग ओळखायचा असतो, मान दोन्हीकडे फिरवायची असते, पायी ओलांडणारा बघायचा असतो आणि थांबायचं की निघायचं हे लगेच ठरवायचं असतं. वय झालं की गडबड होते ती बहुतेक इथेच.

हाती येणारा निकाल पास-नापास असा नसतो. रात्रीची गाडी बंद, दिवसा चालेल. समृद्धी महामार्ग नको, धरमपेठ-सीताबर्डी चालेल. अशा अटी वडीलही मान्य करतात, कारण गाडी हातातून जात नाही.

गाडी सोडणं

हा पर्याय तुम्ही कुठे राहता त्यावर ठरतो. शंकरनगर, सुभाषनगर, अजनी, जयप्रकाशनगर इथल्यांना मेट्रो जवळ आहे, लिफ्ट आहे. मानेवाडा, बेसा, दिघोरीला ती सोय नाही, तिथे मे महिन्याच्या उन्हात ऑटोची वाट बघणं सत्तरीच्या माणसाच्या अंगावर येतं. गावोगावी जायला एसटी आहेच: ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे मोफत.

गाडी सुटलेल्या ज्येष्ठांमध्ये नैराश्य वाढल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून किल्ली घेण्याआधी रोजचा भाजीबाजार, देऊळ, मित्रांचा कट्टा, बँक इथे ते कसे जाणार याची सोय लावा. ती लागली नसेल तर किल्ली मागू नका.

आधी स्कूटर की आधी कार?

यावर घरात फारसं बोलणं होत नाही. "कार नको, स्कूटरवर जा जवळच्या जवळ" असं मुलंच सुचवतात. स्वतः वडिलांच्या जिवाचा विचार केला तर हे उलटं आहे. २०२२ च्या मृतांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवरचे होते, म्हणजे दर शंभरात चव्वेचाळीस. म्हातारपणी हाडं ठिसूळ, त्यात रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर साधं घसरून पडणंही भारी पडतं. दुसऱ्याला इजा होण्याचा धोका कारने जास्त, हेही खरं. पण डोळे आणि डोकं ठीक असून फक्त तोल आणि ताकद कमी झाली असेल, तर आधी स्कूटर सोडा आणि कार ठेवा.

चाचणीची वाट बघू नये अशी वेळ

ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलेटर दाबला जाणं, फिट किंवा चक्कर येणं, स्मृतिभ्रंशाचं निदान. यांतलं एकही असेल तर गाडी त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. वडील ऐकतच नसतील तर कायद्याचं कलम १६ आहे: आजारामुळे चालक अयोग्य आहे असं मानायला सबळ कारण असेल तर परवाना अधिकारी केव्हाही वैद्यकीय दाखला मागू शकतात, लायसन्स रद्दही करू शकतात. घरच्यांचा लेखी अर्ज आणि सोबत उपचाराचे कागद हे असं कारण ठरू शकतं. मुलाने वडिलांविरुद्ध अर्ज करणं किती जड जातं ते मी समजू शकते. तरी स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत तो करावा, आणि लवकर करावा.