चारचौघांत उघडता येईल असा चाकू : तीन चाकूंच्या वापरानंतरचा अभिप्राय

खिशात चाकू बाळगणाऱ्या माणसाला त्याची गरज दिवसातून दोन-तीनदा तरी पडते, पण ती कामे अगदी किरकोळ असतात. खोक्यावरची चिकटपट्टी कापणे, नव्या कपड्याला लटकणारा दोरा तोडणे, पेन्सिलीला टोक काढणे, सफरचंदाच्या फोडी करणे, फार तर एखादा सैल झालेला स्क्रू आवळणे. यांपैकी एकाही कामाला चार इंची पाते लागत नाही. तरीही मी घेतलेला पहिला चाकू चार इंची, काळ्या पात्याचा, खिशाच्या काठावर क्लिपने अडकवायचा आणि अंगठ्याच्या एका झटक्याने उघडणारा होता. तसे चाकू अनेक कंपन्या बनवतात, त्यामुळे त्याचे नाव सांगण्याची गरज नाही. एकदा कामाच्या ठिकाणी एका सहकारी बाईंचे पार्सल उघडून देण्यासाठी मी तो बाहेर काढला. पाते खट्‌कन उघडून लॉक झाले आणि आजूबाजूचे बोलणे थांबले. कोणी काही म्हणाले नाही, पण चिकटपट्टी कापून होईपर्यंत त्या बाई खुर्ची मागे सरकवून बसल्या होत्या, आणि पुढच्या पार्सलच्या वेळी त्यांनी माझ्या टेबलावरून पुढे जाऊन दुसऱ्या कोणाकडून तरी कात्री मागून आणली.

त्यानंतर मी तीन चाकू घेतले आणि गेले दीड वर्ष ते आलटून-पालटून वापरत आहे : व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचे क्लासिक एसडी आणि कॅडेट, आणि ओपिनेल कंपनीचा क्रमांक ६. चाकूंच्या परीक्षणात सहसा पोलादाचा दर्जा, धार किती दिवस टिकते आणि लॉक किती भक्कम आहे याची चर्चा असते. इथे तीही येईल, पण माझी पहिली कसोटी वेगळी आहे : चाकू उघडल्यावर शेजारच्या माणसाने आपले काम चालू ठेवले की नाही.

या कसोटीवर चाकू पारखू लागल्यावर लक्षात आले, की माणसे दचकतात ती पाते पाहून कमी आणि ते उघडण्याची रीत पाहून अधिक. एका हाताने, न बघता, झटक्यात उघडणारा चाकू पाहणाऱ्याला खटक्याच्या चाकूची आठवण करून देतो, मग त्याची यंत्रणा कितीही वेगळी का असेना. याउलट, ज्या पात्यावर फक्त नखाची खाच असते ते उघडायला दोन्ही हात गुंतवावे लागतात, मान खाली घालावी लागते आणि दोन-तीन सेकंद जातात. चष्म्याचे घर उघडणाऱ्या माणसाची जी मुद्रा असते, जवळपास तीच या माणसाचीही असते. आवाजाचेही तसेच आहे. लॉक बसल्याचा धातूचा कोरडा खटका शांत खोलीत दूरवर ऐकू जातो, आणि ज्यांनी चाकू पाहिलेलाही नसतो तेसुद्धा मान वळवतात.

रंग आणि आकार यांचे महत्त्व त्याच्या खालोखाल आहे, तरी ते थोडे नाही. काळे पाते, दातेरी धार आणि बोटांसाठी खोलगट खाचा पाडलेली मूठ हे सारे शस्त्राचे रूप घेऊन येते, तर लाल, चंदेरी किंवा लाकडी मूठ घरातल्या वस्तूंची आठवण देते. टोकाचा विचार मात्र फार थोडे लोक करतात. पात्याची पाठ धारेच्या दिशेने उतरत जाऊन टोक बोथट झालेले असेल, म्हणजे खलाशांच्या चाकूंना पूर्वीपासून असते तसे असेल, तर ते पाते भोसकण्यासाठी नाही हे पाहताक्षणी कळते. चिकटपट्टी आणि दोरा कापण्याच्या कामात अशा टोकामुळे काहीच अडत नाही. खिशाच्या काठावर दिसणारी क्लिप मी सरळ नापसंत करतो. चाकू बाहेर काढायच्या आधीच तो तिथे असल्याची घोषणा कशाला करायची, हे मला कधी उमजले नाही.

लांबीबद्दल कायदाही बोलतो आणि तो देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टनुसार घडीच्या चाकूच्या पात्याची धार तीन इंचांपेक्षा, म्हणजे ७.६२ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसेल, तर तो सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यासाठी वेगळे कारण द्यावे लागत नाही. मात्र पाते उघडल्यावर लॉक होत असेल, तर ते कितीही छोटे असले तरी ही सवलत मिळत नाही. आपण जिथे राहतो तिथला नियम खरेदीपूर्वी वाचून घ्यावा. विमानाच्या केबिनमध्ये यांतला एकही चाकू सोबत नेण्याचा विचार करू नये. तो विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात टाकावा नाहीतर घरी ठेवावा. पण कायद्याने चालणारा चाकू शेजाऱ्यालाही चालेलच असे नाही, आणि माझा रोख त्या उरलेल्या प्रश्नावर आहे.

आता कॅडेटकडे वळतो, कारण सांगण्यासारखे सर्वात जास्त त्याच्याबद्दलच आहे. स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये आपला कारखाना, म्हणजे आजची व्हिक्टोरिनॉक्स कंपनी, सुरू केला, १८९१ मध्ये त्यांच्याकडून स्विस सैन्याला पहिले चाकू गेले आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या, अनेक अवजारांच्या चाकूची नोंदणी झाली. सैन्यासाठी बनलेल्या वस्तूला पाहून आज कोणालाही सैन्य आठवत नाही, ही या चाकूची मोठीच कमाई म्हणावी लागेल. आठवतात त्या सहली आणि बाटल्यांची झाकणे. कॅडेट बंद असताना ८४ मिलिमीटर लांब असतो. त्याच्या मुठीला लाल प्लॅस्टिकऐवजी उठावदार नक्षीची अ‍ॅल्युमिनियमची पत्रे असतात, आणि एक पाते, नखाची कानस, डबा उघडण्याचे अवजार व बाटलीचे झाकण काढण्याचे अवजार एवढाच ऐवज दोन थरांत बसवलेला असल्यामुळे तो खिशात चपटा राहतो. शेवटच्या दोन अवजारांची टोके स्क्रू ड्रायव्हर म्हणूनही चालतात. किल्ल्या आणि नाण्यांच्या गर्दीतही तो टोचत नाही.

त्याचे पाते सुमारे सहा सेंटिमीटरचे आहे. मुठीत धरल्यावर ते हाताच्या पंजाच्या रुंदीएवढेही दिसत नाही, आणि माझ्या मते डोळा पात्याची लांबी याच मापाने मोजतो. ते पातळ असल्यामुळे पुठ्ठ्यातून अलगद सरकते आणि फळही न फाटता कापते. पोलाद गंजत नाही. त्याचा कठीणपणा रॉकवेल मापावर ५६ च्या आसपास आहे. महागड्या चाकूंच्या शौकिनांना हा आकडा कमी वाटतो, आणि रोज पुठ्ठा कापला तर धार लवकर मंदावते हेही खरे आहे. पण हेच पोलाद सहाणेवर चटकन वठणीवर येते. सहाण जवळ नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाला जे खरखरीत, चकाकी नसलेले कडे असते त्यावर आठ-दहा वेळा हलक्या हाताने पाते फिरवले तरी कामापुरती धार परत येते. धार टिकण्यापेक्षा ती सहज लावता येणे मला अधिक मोलाचे वाटते, कारण बोथट चाकूला जोर द्यावा लागतो आणि जोर देताना चाकू निसटतो.

या चाकूची मर्यादाही नीट समजून घेतली पाहिजे. याच्या पात्याला लॉक नाही. पाठीकडची स्प्रिंग ते उघडे धरून ठेवते, एवढेच. त्यामुळे धारेवर दाब असेल तोवर पाते स्थिर राहते, पण टोक कशात खुपसून ढकलले किंवा पाठीवर जोर पडला तर ते बोटांवर मिटू शकते. पट्ट्याला भोक पाडणे किंवा डब्याचे झाकण उचकटणे अशी कामे या पात्याने करू नयेत. झाकणासाठी त्यातच दुसरे अवजार दिलेले आहे. हा दोष आहे असे मानणारे लोक मला भेटतात. दीड वर्षात मला रस्त्यावर किंवा कार्यालयात लॉकवाचून अडले असे एकही काम आठवत नाही, आणि लॉक नसल्यामुळे तो खटका नाही, शिवाय वर सांगितलेल्या कायद्यासारखी अडचणही नाही.

क्लासिक एसडीबद्दल थोडक्यात सांगता येईल. तो बंद असताना ५८ मिलिमीटरचा, वजनाने वीस ग्रॅमच्या आसपास आणि किल्ल्यांच्या जुडग्यात मावणारा आहे. त्यात छोटे पाते, कात्री, नखाची कानस, चिमटा आणि दातकोरणे आहे. खरे सांगायचे तर हा चाकू म्हणून घेऊच नये. ही एक उत्तम कात्री आहे आणि तिच्यासोबत पाते फुकट मिळते, असे समजून घ्यावा. कात्रीला कोणी घाबरत नाही. दोरा, कपड्यावरचे लेबल, औषधाचे पाकीट, मोडलेले नख ही सारी कामे ती करते, आणि ज्यांना चाकू नकोसा वाटतो तीच माणसे हा चाकू हक्काने मागून नेतात. जाड पुठ्ठ्यासमोर मात्र याचे पाते अपुरे पडते, आणि सफरचंद कापायला घेतले तर पाते मध्यापलीकडे पोहोचत नाही, चारही बाजूंनी कापत फिरावे लागते. चिमटा आणि दातकोरणे हरवण्याच्याच लायकीच्या आकाराचे आहेत. सुदैवाने ती सुटी विकत मिळतात.

ओपिनेलची गोष्ट निराळी आहे. फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये हा चाकू घडवला, आणि लाकडी मूठ, त्यात मिटणारे पाते व टोकाला धातूचे कडे हे त्याचे रूप आजही फारसे बदललेले नाही. क्रमांक ६ चे पाते सुमारे सात सेंटिमीटरचे आहे. नखाच्या खाचेत नख घालून ते उघडायचे आणि मग कडे फिरवून पाते जखडायचे. हे फिरते कडे १९५५ मध्ये आले. उघडताना आवाज होत नाही, घाई करता येत नाही, आणि बीच लाकडाची गोल मूठ पाहून हा स्वयंपाकघरातून आलेला चाकू आहे असेच पाहणाऱ्याला वाटते. कापण्याच्या कामात तर तो तिघांत सरस आहे. त्याचे पाते धारेकडे इतके पातळ होत जाते की फळाची पातळ चकती काढताना कॅडेटही त्याच्यापुढे जाडा वाटतो.

मग तो माझ्या रोजच्या खिशात का नाही? एक तर त्याचे टोक बरेच अणकुचीदार आहे आणि कापण्याखेरीज त्याला दुसरे काहीच येत नाही, त्यामुळे बंद कार्यालयात तो शेवटी चाकूच दिसतो. झाडाखाली बसून खाताना दिसणारे त्याचे साधेपण ट्यूबलाइटखाली तेवढे मदतीला येत नाही. दुसरे म्हणजे कड्यामुळे तो लॉकच्या चाकूंत मोडतो, तेव्हा जिथे लॉकला मनाई आहे तिथे तो बाद ठरतो. लाकूड ओलसर हवेत फुगते आणि पाते बाहेर काढायला जड जाते, हा या रचनेचा जुना स्वभाव आहे. साध्या कार्बन पोलादाचे पाते घेतले तर आंबट फळाचा रस लागल्यावर त्यावर डाग पडतात आणि न पुसता ठेवले तर ते गंजते, म्हणून स्टेनलेस पाते घ्यावे. याच कंपनीचा लहान मुलांसाठी बनवलेला, गोल टोकाचा क्रमांक ७ मिळतो. मोठ्या माणसांनी तो वापरू नये असे कुठे लिहिलेले नाही, आणि टोकाबद्दलची माझी तक्रार त्याने बरीचशी मिटते.

२०२४ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने पाते नसलेल्या खिशातल्या अवजारांवर काम चालू असल्याचे जाहीर केले, तेव्हा पुष्कळांनी त्याची थट्टा केली. मला ते समजण्यासारखे वाटले. सप्टेंबर २००१ नंतर विमानतळांवरचे नियम कडक झाले तेव्हा या कंपनीची विक्री जोरात घसरली होती, आणि पात्यावरचे निर्बंध वाढत असताना तिने दुसरी वाट शोधणे स्वाभाविक आहे. तथापि ज्याला फळ कापायचे आहे त्याला त्या अवजाराचा उपयोग नाही, आणि ज्याला नाही त्याचे काम आजही एका छोट्या कात्रीने भागते.

चाकू कोणताही असो, वापरणाऱ्याची पद्धत त्याचे रूप बदलू शकते. मी आता चाकू काढण्यापूर्वी ‘थांबा, चाकू आहे माझ्याकडे’ एवढे म्हणतो, तो टेबलाच्या पातळीच्या वर उचलत नाही, आणि काम झाल्यावर पुढचे वाक्य बोलायच्या आधी मिटतो. उघडा चाकू हातात धरून बोलणारा माणूस बोलताना हात हलवतोच, आणि ते त्याला स्वतःला कधी दिसत नाही. दुसऱ्याला द्यायचा झाला तर मिटूनच द्यावा.

एकच घ्यायचा असेल तर मी कॅडेट सुचवीन. ज्याच्या भोवतालची माणसे चाकूबद्दल फारच हळवी आहेत त्याने क्लासिकवर भागवावे, आणि ओपिनेल जेवणाच्या पिशवीत ठेवावा. दुकानात जाताना चाकूंची आवड नसलेल्या कोणाला तरी सोबत न्यावे, त्यांच्यासमोर चाकू उघडावा आणि त्या वेळी पात्याकडे न बघता त्यांच्याकडे बघावे. त्याच वेळी स्वतःच्या नखांचाही अंदाज घ्यावा. नखे अगदी मुळापासून कापण्याची सवय असेल तर नव्या चाकूची ताठ स्प्रिंग सुरुवातीला दाद देत नाही. सांध्यात तेलाचा एक थेंब सोडून पाते वीस-पंचवीस वेळा उघडले-मिटले की ते सैलावते. तोवर आधी पात्याशेजारचे अवजार उघडावे, म्हणजे पात्याला बोटाने धरायला थोडी जागा मिळते.