पोर्शे 944: जुना रंग घासून काढायचा की नवा मारायचा, लेदर रंगवायचं की बदलायचं?

पोर्शे 944 ही 1982 ते 1991 या काळातली जर्मन स्पोर्ट्स कार. सुमारे 1 लाख 63 हजार बनल्या, त्यामुळे पोर्शेच्याच 911 मॉडेलच्या मानाने आजही खिशाला झेपेल अशा किमतीत मिळते. अमेरिकेत स्थिरावलेल्या आपल्या गाडीवेड्या मंडळींचा हिच्यावर डोळा असतो तो म्हणूनच. कॅलिफोर्निया-ॲरिझोनाकडच्या गाड्यांना गंज कमी आणि ऊन जास्त. पत्रा ठणठणीत, पण गार्ड्स रेड हा पोर्शेचा लाल रंग विटून गुलाबट झालेला, आणि ड्रायव्हर सीटचं लेदर भेगाळलेलं. अशी गाडी दारात आली की चौघे चार सल्ले देतात. पॉलिश कर, पूर्ण पेंट करून घे, सीटना रंग मार, सीट नव्याने शिवून घे.

त्याआधी एक. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती हातात नसेल तर रंग आणि लेदर दोन्ही विसरा. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. चकाचक लाल गाडी टो ट्रकवर चढताना बघण्यात मजा नाही.

बेल्टचं मार्गी लागलंय असं धरून पुढे जाऊ. रंग आणि लेदर हे दोन निर्णय एकाच मापाने घेण्यात लोक फसतात. रंगाला पॉलिश करणं ही वजाबाकी आहे. दर वेळी थोडा रंग कायमचा जातो, आणि गेलेला परत येत नाही. लेदर रंगवणं ही बेरीज आहे. वरून पातळ थर चढतो, आवडला नाही किंवा झिजला तर पुन्हा चढवता येतो. त्यामुळे रंगाच्या बाबतीत मी कंजूष आहे आणि लेदरच्या बाबतीत बिनधास्त.

रंग: पॉलिश की रीपेंट

पहिलं काम म्हणजे अंगावरचा रंग कुठल्या जातीचा आहे ते ओळखणं. त्या काळात लाल, पांढरा, काळा असे साधे रंग बऱ्याचदा एकाच थराचे, सिंगल स्टेज असत. वर क्लिअर कोट, म्हणजे रंगहीन संरक्षक थर, नसे. मेटॅलिक रंगांवर मात्र तो असे. पांढरं सुती कापड घ्या, त्यावर बोटभर पॉलिश घ्या आणि दाराच्या खालच्या, सहज न दिसणाऱ्या कोपऱ्यात दहा-बारा वेळा फिरवा. कापड लालभडक झालं तर रंग सिंगल स्टेज. आधी फिकट गुलाबी भुकटी येते, ती मेलेल्या रंगाची. मग हळूहळू गडद लाल उतरायला लागतं आणि पत्र्यावर तेवढाच तळहाताएवढा तुकडा ओल्या मिरचीसारखा चमकतो. तो तुकडा बघितल्यावर बहुतेकांचा रीपेंटचा विचार जागीच बारगळतो. लाल गाडीवर कापड पांढरंच राहिलं, तर ती मध्ये कधीतरी क्लिअर कोट मारून रंगवली असण्याची शक्यता मोठी.

दुसरं काम जाडी मोजायचं. पेंट गेज स्वस्तात मिळतो, ओळखीच्या डिटेलरकडे, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई-पॉलिश करणाऱ्याकडे, असतोच. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) भरतो. 250-300 दिसलं तर तो पॅनल पुन्हा रंगवलेला, आणि आकडा हजाराच्या घरात गेला तर खाली पुट्टी आहे, म्हणजे तिथे कधीतरी धडक बसली आहे. हा गेज पत्र्यावरच चालतो. 944 टर्बोचं नाक प्लास्टिकचं आहे, तिथे तो मुका होतो. (आपली भारतात बनलेली फायबर बॉडीची स्पोर्ट्स कार सॅन स्टॉर्म कोणाकडे असेल तर तिथेही गेजचा उपयोग नाही. कापडाची परीक्षा मात्र जमेल.) सत्तर-ऐंशीच्या खाली आकडा आला की मशीन बाजूला ठेवायचं. आधीच्या मालकांनी हौसेने बफ करून करून रंग पातळ केलेला असतो, विशेषतः बॉनेटवर आणि पॅनलच्या कडांवर. कडांना मास्किंग टेप लावल्याशिवाय मशीन चालवणाऱ्याला गाडी देऊ नका.

सिंगल स्टेजचं एक वैशिष्ट्य आहे. हा रंग कोरडा पडतो, म्हणून जुने जाणकार थेट कंपाउंड, म्हणजे रंग खरवडणारं जाड पॉलिश, फिरवत नाहीत. आधी तेलकट ग्लेझ हाताने भरपूर चोळून रात्रभर तसंच ठेवतात. अमेरिकेत यासाठी मेग्वायर्सचं नंबर 7 वर्षानुवर्षं वापरात आहे. दुसऱ्या दिवशी पुसलं की अर्धं काम घासल्याविनाच झालेलं असतं. मग ड्युअल ॲक्शन (फिरता फिरता डोलणारं, रंगाला सौम्य) मशीन, मऊ पॅड, बारीक पॉलिश, शेवटी वॅक्स किंवा सीलंट. सगळं मिळून शनिवार-रविवारचं काम. स्वतः केलंत तर साहित्याचा खर्च, चांगल्या डिटेलरकडून करून घेतलंत तर ढोबळमानाने काही शे ते दीड-दोन हजार डॉलर. तोटा एकच: उन्हात उभी ठेवलीत तर लाल पुन्हा विटणार. वर क्लिअर कोटची ढाल नसल्याने वॅक्स चुकवून चालत नाही.

आता रीपेंट. त्याला पर्याय नाही अशा गाड्या असतातच. क्लिअर कोट पांढरा पडून पापुद्रे सुटायला लागले असतील तर पॉलिश करून काहीही होणार नाही. सुटलेला थर चिकटवायची युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही. प्रायमर दिसायला लागला असेल, किंवा तीन पॅनल तीन छटांचे असतील, तरीही पेंटर गाठावा.

पण चांगल्या रीपेंटचा अमेरिकेतला आकडा सहज पाच अंकी होतो आणि साध्या, टर्बो नसलेल्या 944 ची किंमत त्याच्या आसपासच घुटमळते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हजार-दोन हजारांत पूर्ण गाडी रंगवून देणारेही आहेत, पण ते रबर आणि पट्ट्या न काढता टेप लावून फवारतात. वर्षभरात नेमक्या त्या टेपच्या रेषेवरून रंग उचकटायला लागतो. उलट सगळं उघडून रंगवायचं म्हटलं तर तीस-चाळीस वर्षांच्या क्लिपा आणि रबरं हातात तुटतात, आणि मागच्या काचेच्या झाकणाला हात लावायला पेंटर नाखूष असतो. 944 ची ती काच चौकटीपासून सुटण्यासाठी प्रसिद्ध आहे.

अजून एक मुद्दा अंदाजपत्रकात दिसत नाही. या गाड्यांचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला आहे. 944 सहजासहजी गंजत नाही ती त्याच्या जोरावर. उत्साही पेंटर पत्रा उघडा पडेपर्यंत सँडिंग करतो तेव्हा जस्तही जातं. रीपेंट करायचंच असेल तर घट्ट बसलेला कारखान्याचा प्रायमर शाबूत ठेवून वर रंगवणार का, हा प्रश्न आधी विचारा. उत्तर देताना तो घुटमळला तर दुसरं गॅरेज बघा. आणि घरच्या गॅरेजमध्ये टू-के (हार्डनर मिसळून लावायचा) रंग फवारायच्या फंदात पडू नका. त्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात आणि साध्या मास्कने अडत नाहीत.

थोडक्यात रंगाबाबत माझं मत एकतर्फी आहे. सिंगल स्टेज, जाडी 90-100 च्या वर, पापुद्रे नाहीत: पॉलिश. दगडांचे टवके राहतील, बंपरची छटा किंचित वेगळी दिसेल. दिसू दे.

लेदर: रंगवणं की नवं शिवणं

944 च्या बऱ्याच सीटांत सगळं लेदर नसतंच. बसायचा आणि टेकायचा भाग लेदरचा, बाजू आणि मागची पाठ व्हिनाइलची, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत रेक्झिनची. 'फुल लेदर' म्हणून जाहिरात असली तरी सीटमागे हात फिरवून बघा. रंगवताना हा फरक महत्त्वाचा, कारण दोन्हींवर रंग धरण्याची पद्धत वेगळी.

भेगा दिसल्या की लोक म्हणतात लेदर गेलं. बहुतेक वेळा गेलेला असतो तो वरचा रंगाचा थर. गाडीचं लेदर हे रंगद्रव्य आणि वर संरक्षक थर दिलेलं असतं. दाराकडच्या उंचवट्यावर, जिथे चढता-उतरता जीन्स घासते, तिथे तो थर आधी जातो. अंगठ्याने दाबून बघा. खाली कातडं मऊ असेल, भेग उथळ असेल, शिवण धरून असेल, तर रंगकाम पुरेसं आहे. दाबल्यावर पुठ्ठ्यासारखं कडक लागलं, कातडं आकसून शिवणीपासून ओढलं गेलं असेल किंवा आतला फोम सीटखाली भुकटी होऊन पडत असेल, तर रंग लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

रंगकामाचं यश ब्रशच्या हातात नसतं, साफसफाईच्या हातात असतं. सौम्य लेदर क्लीनर, मऊ ब्रश, मळकट पाणी येणं थांबेपर्यंत. मग आधीच्या मालकाने फासलेलं चमकीचं सिलिकॉन अल्कोहोलने काढायचं. ते राहिलं तर नवा रंग काही महिन्यांत सालीसारखा निघतो. नंतर बारीक सँडपेपरचा हलका हात, भेगांत लवचीक फिलर, आणि पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे अगदी पातळ थर. पहिला थर स्पंजने दाबून, पुढचे एअरब्रशने. शेवटी मॅट टॉपकोट. जर्मन कलरलॉकसारखे किट पोर्शेच्या मूळ छटांना जुळवून रंग देतात. जाड थर लावला की सीट प्लास्टिकच्या खुर्चीसारखी दिसते. घाईचं काम इथे लगेच ओळखू येतं.

नवं शिवून घेणं खर्चाने कितीतरी पट. दोन सीटना अमेरिकेत काही हजार डॉलर धरून चाला. काम चांगलं झालं तर बसायचा अनुभव बदलतो, कारण फोमही नवा येतो. पण नव्या सीट आल्या की दाराचे पॅनल म्हातारे दिसायला लागतात, मग ते, मग मागचं छोटं सीट. खर्चाला शेपूट फुटतं. मधला मार्ग असा: फक्त ड्रायव्हर सीटचा फाटलेला पॅनल नव्या कातड्याने शिवून घ्यायचा आणि मग दोन्ही सीट एकत्र रंगवायच्या, म्हणजे छटा जुळते. माझी पसंती यालाच. डॅशबोर्डच्या चिरा मात्र तशाच राहू द्या. त्या जवळपास प्रत्येक 944 मध्ये असतात, आणि डॅश बाहेर काढणं हे वेगळंच महाभारत आहे.

लेदरला खाऊ घालायचं म्हणून तेल चोळणाऱ्यांना एक विनंती. शाबूत टॉपकोटमधून तेल आत जात नाही, वर चिकट बसून धूळ धरतं.

पुण्या-मुंबईत कुठलीही जुनी लेदर सीटची गाडी असेल त्यांच्यासाठी हिशेब थोडा बदलतो. इथे उन्हाइतकाच पावसाळा शत्रू. जुलैत झाकून ठेवलेल्या गाडीत सीटवर बुरशीची पांढरी लव येते. ती ओल्या फडक्याने पुसून वर कंडिशनर लावला की महिन्याभरात परत येते. आधी पूर्ण वाळवायला हवं. आणि रबिंग-पॉलिशवाला रोटरी मशीनवर जाड कंपाउंड लावून एकाच जागी धरून ठेवतो, तिथे सिंगल स्टेज रंग पाच मिनिटांत प्रायमरपर्यंत पोहोचतो. मशीन त्याचं असलं तरी पॅड आणि पॉलिश आपलं न्यावं, आणि शेजारी उभं राहावं.

दोन्ही कामं करायची असतील तर सीट आधी बाहेर काढा आणि घरात न्या. पॉलिशची भुकटी शिवणीत शिरली की निघत नाही. सीट निघाल्या की कार्पेट उचलून जमीन बघून घ्या. 944 मध्ये सनरूफच्या, म्हणजे छतातल्या झडपेच्या, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबून पाणी आत आलेलं असू शकतं. तिथे ओल सापडली तर आधी गळती बुजवा. ओल्या गाडीत नव्याने रंगवलेलं लेदर टिकत नाही.